वाचकांचे प्रश्न : शाळेच्या घोडेस्वारी संघाचा प्रशिक्षक व्हायचं तर

अमेरिकेत काही राज्यांतल्या हायस्कूलना घोडेस्वारीचा संघ असतो, हे आपल्या अनेक पालकांना मूल नववीत गेल्यावरच कळतं. या संघांना पगारी प्रशिक्षक क्वचितच मिळतो. पालक, माजी स्वार, जवळच्या पागेतली जाणती माणसं वेळ काढून हे काम सांभाळतात. असं काम हाती घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मुलीच्या शाळेचा संघ प्रशिक्षक नाही म्हणून बंद पडायच्या बेतात आहे. मी तरुणपणी काही वर्षं रपेट केली, पण स्पर्धेत कधी उतरले नाही. मी पुढे होऊ का? (एक आई, वॉशिंग्टन राज्य)

उत्तर : जरूर व्हा. मात्र नेमक्या कोणत्या कामासाठी पुढे होताय, ते आधी ठरवा. संघ ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. वॉशिंग्टन हायस्कूल इक्वेस्ट्रियन टीम्स आणि ओरेगन हायस्कूल इक्वेस्ट्रियन टीम्स या राज्य संघटनांच्या स्पर्धांना मुलं स्वतःचा किंवा लीजवर घेतलेला घोडा घेऊन येतात. इंटरस्कोलॅस्टिक इक्वेस्ट्रियन असोसिएशन, म्हणजे आयईए, ही २००२ साली सुरू झालेली संस्था. तिच्या स्पर्धेत घोडे यजमान देतात आणि कोणाला कोणता घोडा हे चिठ्ठीने ठरतं. पहिल्या प्रकारात प्रशिक्षकाला दहा-बारा घरांचे दहा-बारा घोडे, त्यांची खोगिरं आणि त्यांचे पालक सांभाळायचे असतात. दुसऱ्या प्रकारात संघ बहुधा एखाद्या पागेशी बांधलेला असतो आणि तिथला व्यावसायिक शिक्षक मुख्य शिकवणी करतो.

स्पर्धा जिंकलेल्या नाहीत, ही अडचण नाही. खरी कसोटी जमिनीवरची आहे. अनोळखी घोड्याला मोहरकी (तोंडावर चढवायचा दोर किंवा पट्टा) घालून बाहेर आणता येणं, चारही खूर उचलून साफ करणं, खोगीर चुकीचं बसलंय हे दहा पावलांवरून ओळखणं, सुटलेला घोडा न घाबरवता धरणं आणि लंगडणारा घोडा दुडकीत (ट्रॉटमध्ये) ओळखणं. एवढं बिनधास्त जमत असेल तर मुख्य प्रशिक्षक व्हा. यातलं काही कच्चं असेल तर पहिला हंगाम सहायक म्हणून काढा. सहायकाचं काम मुळीच दुय्यम नसतं. वेळ नोंदवणं, आरोग्याची कागदपत्रं, ड्रिलचं, म्हणजे घोड्यांवरच्या सांघिक कवायतीचं, संगीत, पालकांशी पत्रव्यवहार या सगळ्यातून मुख्य प्रशिक्षकाची नजर मोकळी राहते, आणि ती मोकळी राहिली की मुलं सुरक्षित राहतात.

कागदोपत्री शाळा जिल्ह्याचा स्वयंसेवक अर्ज आणि पार्श्वभूमी तपासणी आधी पूर्ण करा. प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण घ्या. रेड क्रॉसचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. डोक्याच्या इजेबद्दल सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा) ‘हेड्स अप’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे, तो तुमच्याबरोबर सहायकांनाही करायला लावा. शिकवण्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण हवं असेल तर सर्टिफाइड हॉर्समनशिप असोसिएशन शिक्षकांना पारखून प्रमाणपत्र देते.

प्रश्न : पहिल्या सरावाला बारा मुलं येणार. कोणी लहानपणापासून घोड्यावर, तर कोणी जेमतेम सहा महिने. सुरुवात कशी करू? (नवा प्रशिक्षक, ओरेगन)

उत्तर : पहिल्या दिवशी बाराच्या बारा मुलांना एकदम रिंगणात घेऊ नका. वीस बाय चाळीस मीटरच्या रिंगणात एका वेळी सहा घोडे ही वरची मर्यादा धरा. नव्यांच्या गटात चारच. बाकीची मुलं दुसऱ्या सहायकाबरोबर जमिनीवरच्या कामाला लावा.

मुलगा ‘मला कँटर (दुडकीच्या पुढची, ढांगांची धाव) येतो’ म्हणाला तर त्यावर विसंबू नका आणि तो खोटं बोलतोय असंही समजू नका. त्याला स्वतःच्या ओळखीच्या घोड्यावर, ओळखीच्या रिंगणात तो येत असेल. म्हणून आधी जमिनीवर बघा. घोडा बांधायला सांगा. झटक्यात सुटणारी गाठ मारता येते का? दोर घोड्याच्या खांद्याच्या उंचवट्याइतका वर बांधला का? दोराला हातभर ढील ठेवली की जमिनीपर्यंत लोंबतोय? बांधला कशाला, भक्कम खांबाला की फाटकाला? फाटकाला बांधलेला घोडा बिचकला तर फाटक उखडून गळ्यात घेऊन पळतो, आणि पायांवर आदळणाऱ्या त्या फाटकाला घाबरून आणखी पळतो. लगाम बांधून घोडा उभा करणारं मूल दिसलं तर तिथेच थांबवा; घोड्याने मान झटकली की कडियाळ (तोंडातली लोखंडी पट्टी) जिभेला आणि जबड्याला जखम करतं.

मग खोगीर. वेस्टर्न, म्हणजे काउबॉय पद्धतीच्या, खोगिराला पुढचा आणि मागचा असे दोन तंग (पोटाखालून आवळायचे पट्टे) असतात. पुढचा आधी आवळायचा, मागचा नंतर. काढताना मागचा आधी सोडायचा. हा क्रम उलटा झाला आणि त्याच क्षणी घोडा दचकला, तर खोगीर फक्त मागच्या तंगावर लोंबकळून पोटाखाली फिरतं आणि घोडा लाथा झाडत सुटतो. दोन्ही तंगांना पोटाखालून जोडणारा छोटा पट्टा असायलाच हवा. तो नसेल तर मागचा तंग सरकत मांड्यांच्या पुढच्या नाजूक भागात जातो आणि शांत घोडाही उसळतो. पट्ट्यांची शिवण बोटाने ओढून बघा. चामडं दुमडल्यावर भेगा दिसल्या तर ते खोगीर त्या दिवशी वापरायचं नाही. तंग तीनदा तपासायचा : चढण्याआधी, चढल्यावर, आणि दहा मिनिटं चालवून झाल्यावर. पुष्कळ घोडे खोगीर चढताना पोट फुगवतात आणि चालू लागल्यावर सैल सोडतात, म्हणून तिसरी तपासणी टाळू नका.

रिकीब बुटाच्या सर्वात रुंद भागापेक्षा सुमारे एक इंच रुंद हवी. त्याहून अरुंद असेल तर पडताना पाय अडकतो, फार रुंद असेल तर पाऊल आरपार जातं. बुटाला साधारण एक इंचाची टाच असावी, तीही याच कारणासाठी.

आता स्वारी. आधी चालीत दोन्ही दिशांना फिरवा, थांबवा, मागे घ्या, मग दुडकी. दुडकीत पाहण्याची जागा म्हणजे मुलाचे हात. खोगिरात उठबस करताना हात घोड्याच्या मानेशी स्थिर राहिले तर मांड पक्की आहे. प्रत्येक उठण्याबरोबर लगाम हिसकत असेल तर ते मूल तोल लगामावर सांभाळतंय. त्याला कँटर त्या दिवशी नको, आणि पुढच्या दिवशीही नको. त्याला लंज लाइनवर (तुमच्या हातातल्या लांब दोराने घोडा गोलात फिरवत), लगाम न देता, एका हाताने खोगिराची पुढची कड धरून बसवा. चार-सहा वेळा दहा-दहा मिनिटं हे केलं की हात आपोआप शांत होतात.

पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी सगळ्यांना शिकवा. एक, तातडीने उतरणं : दोन्ही पाय रिकिबीतून सोडायचे, पुढे वाकून दोन्ही हात मानेवर टेकायचे, पाय मागून फिरवत गुडघे वाकवून जमिनीवर यायचं आणि घोड्यापासून बाजूला व्हायचं. आधी उभ्या घोड्यावर, मग चालीत, मग सावकाश दुडकीत. दोन, एका लगामाने थांबवणं : एक हात लगामावरून खाली सरकवून घोड्याचं नाक हळूहळू स्वाराच्या गुडघ्याकडे वळवायचं. याचा सराव चालीतच करायचा. भरधाव घोड्याचं तोंड झटक्यात वळवलं तर त्याचे पाय एकमेकांत अडकून तो पडू शकतो, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा.

दोन घोड्यांत एका घोड्याच्या लांबीइतकं, म्हणजे किमान आठ फूट अंतर. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत. आणि तुम्ही ‘थांबा’ म्हणालात की सगळे जागच्या जागी उभे. कारण विचारायचं ते थांबल्यावर.

प्रश्न : सायकलचं हेल्मेट चालेल का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : नाही. घोड्यावरून पडताना डोकं अनेकदा मागच्या बाजूने आपटतं, नालेचा मार बसू शकतो. सायकलचं हेल्मेट त्यासाठी घडवलेलं नसतं. आत एएसटीएम आणि एसईआय या सुरक्षा-मानकांची खूण असलेलं घोडेस्वारीचंच घ्या. ते कपाळावर आडवं सपाट बसावं, भुवईच्या वर एक-दोन बोटं. हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट शिरावं. केस वर बांधून हेल्मेट घालून बघितलं आणि स्पर्धेला केस खाली बांधले, तर तेच हेल्मेट डुगडुगतं, म्हणून मापाच्या वेळी केस स्पर्धेसारखेच बांधा. एकदा डोकं आपटलं की वरून तडा दिसो न दिसो, हेल्मेट बदलायचं. न पडताही साधारण पाच वर्षांनी बदला. दुसऱ्याचं जुनं हेल्मेट घेऊ नका. ते कधी आपटलंय हे कळायला मार्ग नसतो.

प्रश्न : पोल बेंडिंगमध्ये आमच्या मुलांचे खांब सतत पडतात. वेग कमी केला तर वेळ वाढते. काय करू? (सहायक प्रशिक्षक, वॉशिंग्टन राज्य)

उत्तर : ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी : एका रेषेत सहा खांब, दोन खांबांत २१ फूट, आणि सुरुवातीच्या रेषेपासून पहिला खांबही २१ फुटांवर. स्वार सरळ शेवटच्या खांबापर्यंत धावतो, त्याला वळसा घालून नागमोडी परत येतो, पहिल्याला वळसा घालून पुन्हा नागमोडी जातो आणि शेवटी सरळ धावत बाहेर पडतो. खांब पाडला की दर खांबाला बहुधा ५ सेकंदांचा दंड. तुमच्या संघटनेच्या नियमपुस्तकात दंड बघून घ्या.

पाच सेकंद हे या खेळात फार मोठं अंतर आहे. वेगाने धावून खांब पाडणाऱ्यापेक्षा दोन सेकंद सावकाश पण स्वच्छ धावणारं मूल वर येतं. हे गणित फळ्यावर मांडून दाखवा.

खांब पडण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच. पहिलं, नजर. मूल ज्या खांबाकडे बघतं, त्याचं शरीर नकळत तिकडेच कलतं आणि घोडाही तिकडेच जातो. नजर पुढच्या खांबाच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर हवी. दुसरं, हात. खांबाभोवती वळवताना मूल आतला लगाम ओढतं. नाक आत येतं, पण खांदा आत कोसळतो आणि खांब पाडतो तो खांदाच, किंवा स्वाराचा गुडघा. आतला पाय तंगाशी लावून फासळ्या बाहेर ढकलायच्या, हात मानेजवळ खाली ठेवायचे. तिसरं, उशीर. घोड्याचा खांदा खांबाच्या पुढे गेल्यावर दिशा बदलायला सांगितली की उशीर झालेला असतो. स्वाराचा पाय खांबाशी येतो, त्याच वेळी पुढच्या वळणाची सूचना द्यायला हवी.

यावर औषध म्हणजे वेग काढून घेणं. दोन आठवडे खांबांत फक्त चाल आणि दुडकी. घोडा खांबापासून तीन-चार फुटांवरून जाऊ द्या. खांबाला चिकटून वेळ वाचते हा समज चुकीचा आहे, कारण चिकटलेल्या घोड्याला पुढच्या वळणासाठी जागाच उरत नाही. दुडकीत एकही खांब न हलता सलग तीनदा जमलं की कँटर. कँटरमध्ये घोडा प्रत्येक खांबाला पुढचा पाय बदलतोय का ते बाजूने नव्हे, रेषेच्या टोकाला उभं राहून बघा. पाय बदलायचा चुकला की त्याच्या पुढच्याच खांबाला तो धडकणार.

शेवटच्या खांबाचा वळसा वेगळा शिकवा. तिथे मुलं भरधाव येतात, खांब ओलांडून वीस फूट पुढे जातात आणि तिथेच वेळ घालवतात. खांबाच्या दोन-तीन ढांगा आधी पाठ सरळ करून खोगिरात खोल बसायचं, घोडा मागच्या पायांवर वजन घेईल; मग वळवायचं.

पूर्ण वेगाचा सराव आठवड्यात एकदा, तोही एक-दोन फेऱ्या. रोज भरधाव धावणारा घोडा रिंगणाच्या फाटकाशीच मागे सरू लागतो, दोन पायांवर उभा राहू लागतो. त्याला हट्टी म्हणून चाबूक लावण्याची घाई करू नका. आधी पाठ आणि खूर तपासा, मग आठ-दहा दिवस मोकळ्या रानात शांत फिरवा.

प्रश्न : आमचा संघ आयईएचा. घोडा चिठ्ठीने मिळतो आणि सराव करायला मिळत नाही. तयारी तरी कसली करायची? (एक वडील)

उत्तर : घोडे बदलण्याची. प्रत्येक सरावात अर्ध्या वेळानंतर घोडे अदलाबदल करा आणि नव्या घोड्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय कळलं ते मुलाला बोलून दाखवायला लावा : पायाच्या हलक्या दाबाला पुढे जातो की ढोसावा लागतो, कोणत्या बाजूला वळायला जड, थांबताना मान वर करतो का. हे बोलून दाखवल्याने मूल घोड्याशी झगडण्याआधी त्याला ऐकायला शिकतं.

स्पर्धेच्या सकाळी यजमानांचे स्वार हे घोडे फिरवून दाखवतात. तेव्हा संघाने गप्पा मारत बसायचं नाही. कागद-पेन्सिल घेऊन बघायचं, कारण कुठला घोडा वाट्याला येईल ठाऊक नसतं. चढताना रिकिबीची लांबी पटकन जमवता यायला हवी. पाय मोकळा सोडल्यावर रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी आला की साधारण बरोबर. उड्यांसाठी एक-दोन भोकं वर. सुस्त घोड्यावर मूल सतत टाच मारत राहिलं तर घोडा आणखी बधिर होतो. एकदा स्पष्ट सांगायचं आणि पाय शांत ठेवायचा. चपळ घोड्यावर उलट चूक होते : मूल घाबरून पाय दूर काढतं आणि लगाम घट्ट धरतं, मग घोडा त्या ओढीच्या विरुद्ध आणखी पळतो.

प्रश्न : दोन उड्यांमधलं अंतर पावलांनी कसं मोजायचं?

उत्तर : कँटरची एक ढांग १२ फूट धरतात. उडीनंतर उतरायला ६ फूट आणि पुढच्या उडीआधी उचलायला ६ फूट, म्हणजे दोन्ही मिळून एक ढांग. मधल्या चार ढांगांना १२ गुणिले ५, म्हणजे ६० फूट. तीन फुटांचं एक पाऊल टाकायची सवय मोजपट्टीजवळ करून घ्या. चार पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग. अडथळे दोन फुटांच्या आतले असतील किंवा घोडे बुटके असतील तर ढांग आखूड पडते, अंतर थोडं कमी ठेवा. जमिनीवरच्या दुडकीच्या दांड्यांत चार ते साडेचार फूट. दांड्या गोल असतील तर दोन्ही टोकांना अडण्या लावा. खुराखाली गोल दांडी फिरली तर घोड्याचा पाय मुरगळतो.

प्रश्न : एका मुलाचा घोडा लहान चणीचा आहे आणि मुलगा वर्षभरात बराच वाढलाय. पालक ऐकत नाहीत. (प्रशिक्षिका, ओरेगन)

उत्तर : मोजमाप समोर ठेवा, वाद मिटतो. घोड्याचा छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून इंचांत घ्या. लांबी खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ३३०, एवढं पौंडांत वजन. समजा घेर ७० आणि लांबी ६६ इंच : घोडा साधारण ९८० पौंडांचा. स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या वीस टक्क्यांपर्यंत, म्हणजे १९६ पौंड. वेस्टर्न खोगीर ३० पौंडांचं धरलं तर स्वारासाठी १६६ उरतात. घोडा म्हातारा, बारीक पाठीचा किंवा अंगाने सुटलेला असेल तर वीसच्याही खाली राहा.

मुलाच्या वजनाबद्दल संघासमोर एक शब्दही काढू नका. हे बोलणं पालकांशी, बंद दाराआड, आणि फक्त घोड्याच्या ताकदीच्या भाषेत. त्या मुलासाठी दुसरा घोडा मिळेपर्यंत ‘इन-हँड ट्रेल’सारखा, घोड्यावर न बसता त्याला दोराने अडथळ्यांतून नेण्याचा, प्रकार द्या, म्हणजे तो संघाबाहेर पडत नाही.

याच निमित्ताने प्रत्येक घोड्याचे निरोगी असतानाचे आकडे लिहून ठेवा. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ९९ ते १०१.५ फॅरनहाइट. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. घोडा जमिनीवर लोळतोय, वळून पोटाकडे बघतोय, लीद नाही, चारा नाकारतोय, तर पोटशूळ समजून लगेच पशुवैद्याला फोन. लंगडणं बघायला घोडा कडक सपाट जमिनीवर दोराने दुडकीत पळवा. पुढच्या दुखऱ्या पायावर वजन पडताना डोकं वर जातं, चांगल्यावर पडताना खाली येतं. डोकं हलताना दिसलं की त्या दिवशी स्वारी नाही, राज्य स्पर्धा उद्या असली तरी.

प्रश्न : मूल पडलं तर पहिल्या मिनिटात काय करायचं?

उत्तर : ‘थांबा’ असा मोठा आवाज, सगळे घोडे उभे. पडलेल्याकडे चालत जा. धावलात तर बाकीचे घोडे बिचकतात. सुटलेल्या घोड्यामागे कोणी पळू नये, फाटक बंद असलं की तो दोन चकरा मारून दुसऱ्या घोड्यांपाशी येतो. मुलाला उठवू नका. हेल्मेट काढू नका. नाव, वार, कुठे आहोत ते विचारा. मान दुखतेय का, हातापायांना मुंग्या येतायत का विचारा. मान किंवा पाठीत दुखणं, मुंग्या, क्षणभरही शुद्ध हरपणं, उलटी, वाढती डोकेदुखी, तेच तेच विचारणं, यातलं काहीही असलं तर ९११. तोवर डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवा.

पडलं की लगेच पुन्हा घोड्यावर बसवायचं, ही जुनी समजूत सोडून द्या. डोक्याच्या इजेचा नुसता संशय असला तरी त्या दिवशी स्वारी बंद. वॉशिंग्टन राज्याने २००९ साली झॅकरी लिस्टेड कायदा केला : डोक्याला इजा झाल्याचा संशय आला तर खेळाडूला मैदानाबाहेर काढायचं आणि परवानाधारक आरोग्यतज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. पुढे सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. मूल ‘मी ठीक आहे’ म्हणेल, कारण त्याला स्पर्धा हवी असते. निर्णय मुलावर टाकू नका, तो तुम्हीच घ्या.

प्रश्न : मी पुरुष प्रशिक्षक, संघात जवळपास सगळ्या मुली. बसण्याची ढब सुधारताना पायाला हात लावावा लागतो. काय पथ्य पाळू?

उत्तर : प्रश्न विचारलात हे फार बरं झालं. शाळेचे नियम जिल्ह्यागणिक वेगळे असतात. पण यूएस इक्वेस्ट्रियन या राष्ट्रीय घोडेस्वारी संघटनेच्या सदस्यांवर बंधनकारक असलेले सेफस्पोर्टचे (खेळाडूंच्या छळाला आळा घालणाऱ्या संस्थेचे) नियम हा किमान मापदंड धरा. अल्पवयीन खेळाडूशी एकट्याने बोलणं झालं तर ते दुसऱ्या कोणाला दिसेल आणि मध्येच येऊन थांबवता येईल अशाच जागी. पागेतली खोगिराची खोली बंद करून बोलायचं नाही. निरोप गटावर, किंवा पालकाला त्यात घेऊन. एकट्या मुलीला गाडीतून सोडायचं नाही.

हात लावण्याआधी काय करणार आणि का ते सांगा, परवानगी विचारा, ‘नको’ म्हणाली तर सोडा. बहुतेक वेळा हात लावायची गरजच नसते. ‘टाच खाली, पायाचा अंगठा घोड्याच्या नाकाच्या दिशेने’ एवढं सांगून होतं. रिकीब धरून हलवता येते, चाबकाच्या टोकाने जागा दाखवता येते.

मुलाच्या छळाचा संशय आला तर २०१८ सालच्या संघराज्य कायद्यानुसार या व्यवस्थेतल्या प्रौढांना २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. पुरावा गोळा करत बसायचं नाही, ते तपास यंत्रणेचं काम. प्रशिक्षक पुरुष असो वा बाई, हे सगळं दोघांनाही सारखंच लागू.

प्रश्न : अपघात झाला तर माझ्यावर खटला होऊ शकतो का?

उत्तर : १९९७ चा संघराज्याचा स्वयंसेवक संरक्षण कायदा ना-नफा आणि सरकारी संस्थांच्या स्वयंसेवकांना साध्या चुकीपासून बऱ्यापैकी आडोसा देतो, घोर निष्काळजीपणाला देत नाही, आणि गाडी चालवताना झालेल्या अपघातालाही नाही. घोड्यांच्या अंगभूत धोक्यांबद्दल बहुतेक राज्यांत वेगळे कायदे आहेत, पहिला वॉशिंग्टनचा, १९८९ चा. पण सदोष खोगीर माहीत असून दिलं, किंवा स्वाराची कुवत न पारखता घोडा दिला, तर हे संरक्षण सहसा टिकत नाही. म्हणून पहिल्या दिवशीची पारख तारखेसह वहीत लिहून ठेवा. संघाच्या विम्यात स्वयंसेवक प्रशिक्षकाचा उल्लेख आहे का, ते शाळेकडून लेखी घ्या.

प्रश्न : पहिल्यांदाच संघाचे घोडे दूरच्या स्पर्धेला न्यायचे आहेत. काय विसरायला होतं?

उत्तर : कागद आणि टायर. कॉगिन्स तपासणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीच्या रक्त तपासणीचा) निगेटिव्ह अहवाल अनेक स्पर्धांत मागतात. राज्याची हद्द ओलांडायची तर पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्रही बहुधा लागतं, ते ठरावीक दिवसांपुरतंच चालतं. स्पर्धेच्या महिनाभर आधी सगळ्या पालकांकडून प्रती मागवा.

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. हिचचा (गाडीमागच्या जोडणीचा) गोळा ट्रेलरच्या कपलरच्या मापाचाच हवा, साखळ्या खालून फुलीसारख्या लावायच्या, ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या बॅटरीचा चार्ज तपासायचा. आतल्या जमिनीची फळी चटई उचलून पेचकसाने टोचून बघा. मूत मुरून लाकूड खालून कुजतं आणि वरून दिसत नाही. दोन घोड्यांच्या ट्रेलरमध्ये जड घोडा चालकाच्या बाजूला.

दर चार तासांनी वीस मिनिटं थांबा आणि पाणी द्या, घोडे उतरवू नका. घोडे परक्या गावचं पाणी अनेकदा पीत नाहीत, त्यामुळे घरचंच पाणी बरोबर घ्या. एका घोड्याला दिवसाला पाच ते दहा गॅलन, उन्हात त्याहून जास्त. उन्हाळ्यात फॅरनहाइट तापमान आणि आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करा. १३० च्या आत असेल तर चिंता नाही. १५० च्या वर घोड्याला घामाने थंड होणं कठीण जातं, फेऱ्या कमी करा आणि दर फेरीनंतर अंगावर गार पाणी ओतत राहा. १८० ओलांडली तर त्या दिवशी संघ उतरवू नका आणि आयोजकांना तसं स्पष्ट सांगा.